खंडूच्या नावाची हजेरी

“बेअरिंग कसं हाय रं, खंडू?” सोपानरावांनी विचारलं.

खंडू ओव्हाळ विहिरीच्या काठावर उकिडवा बसला होता. पेचकसाचं टोक चालू मोटरीला टेकवून त्याची मूठ त्याने कानामागे धरली होती. निमोण्यापासून पार न्हावऱ्यापर्यंत लोकांना त्याची ही बैठक ओळखीची होती. खंडूने असा कान लावला की बेअरिंग गेलंय, वाइंडिंग तापतंय की नुसता खडा अडकलाय, ते मोटर न खोलता कळायचं. वीस वर्षं त्याने या कानावर संसार केला होता.

सोपानरावांचा प्रश्न डाव्या अंगाने आला होता आणि खंडूला तो ऐकूच गेला नव्हता. त्यांचे ओठ हलल्यासारखे दिसले, म्हणून त्याने मान हलवली.

“म्हंजी चांगलं हाय?”

त्याने पुन्हा मान हलवली.

मान हलवायची ही विद्या त्याने गेल्या पाच वर्षांत कमावली होती आणि तिच्यात तो चांगला तरबेज झाला होता. समोरचा हसला की हसायचं, कपाळाला आठी घातली की ‘च्यक’ करायचं, आणि काहीच उमगलं नाही तर मान हलवायची. शंभरातल्या नव्वद वेळा माणसाला तेवढंच हवं असतं. डावा कान कधीच बंद पडला होता, उजवाही आता दगा देऊ लागला होता. पेचकस तो कानाला लावायचा तो निव्वळ लोकांनी बघावं म्हणून. खरं काम बोटांचं. लोखंडातून येणारी थरथर मुठीत कळायची आणि त्यावर तो निभावून न्यायचा. पण बोटांनाही सगळंच कळतं असं नाही.

तिसऱ्या दिवशी सोपानरावांची मोटर जळाली. कांदा ऐन भरात होता आणि वीज आठवड्यातून मोजकेच दिवस दिवसा यायची. खंडूने मोटर खोलली तर बेअरिंगचा नुसता चुरा झालेला. पोरसवदा कारागिरालाही ऐकू आलं असतं इतकं ते ओरडलं असणार. सोपानराव भला माणूस, त्यांनी शिवी दिली नाही. ते शेजारच्या बबनरावांकडे वळले आणि खंडूची पाठ आहे असं समजून त्यांनी अंगठा ओठांशी नेला.

खंडूने ते पाहिलं. कान गेलेल्या माणसाचे डोळे फार तिखट होतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. त्याने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. तरी त्याची मान खाली गेली, कारण तो अंगठा त्याच्या ओळखीचा होता. लहानपणी त्याचा बाप, हरिबा, रस्त्याने चालला की लोक असाच अंगठा ओठांशी नेत. हरिबा झोकांड्या खात चालायचा, अंधार पडला की जास्तच. हाक मारली तर ओ द्यायचा नाही. आणि एके दिवशी तो विहिरीत बुडाला. पट्टीचा पोहणारा माणूस, दहा पोरांना पोहायला शिकवलेला, कमरेला दोर बांधून गाळ काढणारा. गाव म्हणालं, पिऊन उतरला असेल. खंडूही तेच म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ विनोद शाळेत ‘बेवड्याचा’ म्हणून मार खाऊन यायचा, तेव्हा खंडू त्याला सांगायचा की आबाचं नाव काढत जाऊ नकोस. दोघंही बापाचं नाव टाळत मोठे झाले.

पुण्याची तारीख चार दिवसांवर आली होती.

अठ्ठ्याण्णव साली डावा कान बंद पडला तेव्हा शिरूरच्या डॉक्टरने त्याला पुण्याला धाडलं होतं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका मॅडमनी त्याच्या डोक्याचा मशीनमध्ये फोटो काढला आणि सांगितलं की दोन्ही कानांच्या मागे, ऐकण्याच्या शिरेवर, एकेक गाठ आहे. कॅन्सर नाही. हळूहळू वाढते, कधी वर्षानुवर्षं गप्प बसते, कधी अचानक उचल खाते. अशा गाठी कशा वाढतात ते कुणालाच नीट ठाऊक नाही, म्हणून मॅडम काही माणसांचा दर जानेवारीत फोटो काढत होत्या. त्याच माणसाचा, त्याच मशीनमध्ये, दहा वर्षं. खंडू त्यातला एक झाला. एकही जानेवारी त्याने चुकवली नव्हती.

पण मागच्या जानेवारीत मॅडम म्हणाल्या होत्या, “उजवी गाठ जराशी वाढल्यासारखी वाटते. पुढच्या फोटोत नक्की कळेल. वाढली असली तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल, आणि त्यात हा कान वाचेलच असं मी सांगत नाही.”

त्यावर खंडूने मान हलवली होती. ते वाक्य मात्र त्याला पुरतं ऐकू आलं होतं.

वर्षभर त्याने त्यावर विचार केला, आणि सोपानरावांचा अंगठा पाहिल्यावर त्याचा निश्चय झाला. फोटो चांगला आला की ऑपरेशन नाही. ऑपरेशन नाही तर कान आहे तेवढा राहील. मग फोटो चांगला यायला काय लागतं? चांगलं डोकं. चांगलं डोकं त्याच्या घरातच होतं, दौंडच्या रेल्वेत नोकरीला होतं आणि चेहऱ्याने थेट त्याच्यासारखं होतं.

हे अडाणीपण वाटेल, पण ओव्हाळ बंधूंची ती जुनी रीत होती. तरुणपणी दोघं पाझर तलावाच्या कामावर जायचे तेव्हा सावळाराम मुकादमाला दोघांतला फरक कधी कळला नाही. एक तापाने पडला की दुसरा दोनदा ‘हजर’ म्हणायचा, एकदा या रांगेतून आणि एकदा त्या. नाव पुकारलं की कुणीतरी हजर पाहिजे, बाकी सरकारचं काही म्हणणं नसतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. दवाखाना म्हणजे तरी काय, एक मोठा हजेरीपट.

दुसऱ्या दिवशी तो एसटीने दौंडला गेला. विनोद यार्डात पॉइंट्समन होता. डबे जोडायचे, सोडायचे, इंजिनाची शिट्टी ऐकून बाजूला व्हायचं.

“माझ्या नावावर जाऊन झोपून ये,” खंडू म्हणाला. “अर्ध्या तासाचं काम हाय. मला हितं मोटरींनी सवड न्हाई.”

“कसला फोटू, दादा?”

“कानाचा. दर साली काढत्यात. एक सुई टोचत्यात, बाकी काय न्हाई.”

विनोदने आणखी काही विचारलं नाही. थोरल्या भावाने सांगितलं म्हणजे झालं, असा तो माणूस होता. सुट्टी टाकून तो पुण्याला गेला, खंडू हरिबा ओव्हाळ म्हणून सही केली आणि त्या बोगद्यात झोपून आला. नेहमीचा टेक्निशियन बदलला होता, मॅडम परगावी होत्या, कुणी हटकलं नाही. कानाची तपासणी मात्र पुढच्या वेळी करू म्हणून तो सटकला. परतताना तो निमोण्याला मुक्कामी आला आणि जेवताना खंडूच्या उजव्या बाजूला बसून हसत म्हणाला, “काय ठोकत्यात रं त्या मशीनीत. अजून कानात शिट्टी वाजतीया.”

खंडूही हसला. कित्येक दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

दहा दिवसांनी दवाखान्याचं पत्र आलं. ताबडतोब भेटावे, सोबत घरातील कोणाला तरी आणावे. खंडू एकटाच गेला.

मॅडमच्या खोलीत भिंतीवर उजेडाची लांब काचपेटी होती. तिच्यावर सहा फोटो ओळीने लावले होते. खाली प्रत्येकावर त्याचंच नाव होतं, अठ्ठ्याण्णव ते दोन हजार तीन. मॅडमनी त्याला उजवा कान आपल्याकडे येईल असं बसवलं. पाच वर्षांत असं त्याला न विचारता बसवणारं दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

“या पाच फोटोंत तुमच्या गाठी बघा,” त्या सावकाश म्हणाल्या. “डावी दर वर्षी थोडी थोडी वाढली. उजवी थांबली होती, मग हलली. आणि हा सहावा. यात दोन्ही गाठी अगदी बारीक झाल्या आहेत. गेल्या मंगळवारी मी हा पाहिला तेव्हा मला झोप लागली नाही, खंडूभाऊ. औषध नाही, काही नाही, आणि गाठ आपोआप आटली. असं मी कधी पाहिलं नव्हतं.”

खंडूला वाटलं, जमलं.

“मग मी कपाळाचं हाड पाहिलं,” त्या म्हणाल्या. “कपाळाच्या आत पोकळ्या असतात. अंगठ्याच्या ठशासारख्या, प्रत्येकाच्या निराळ्या. या पाच फोटोंतलं कपाळ एक आहे. सहाव्यातलं दुसरंच. हे डोकं कुणाचं आहे?”

खंडूने सवयीने मान हलवली. मॅडम वाट बघत राहिल्या. या बाईपुढे मान हलवून चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“भावाचं,” तो म्हणाला. “धाकटा हाय. त्याची काय चूक न्हाई, मीच पाठवला. मला त्या कापाकापीची भीती वाटली.”

त्यांनी फाइल उघडली आणि तळाचा कागद काढला. अठ्ठ्याण्णव सालचा. त्यावर पुरुषांना चौकोन आणि बायकांना गोल काढून घराण्याची आखणी करायची होती. कागदाच्या मधोमध एकच काळा चौकोन होता. वर काही नाही, बाजूला काही नाही, खाली काही नाही.

“भाऊ नाही, बहीण नाही, मूलबाळ नाही, आईवडील म्हातारपणाने गेले. हे तुम्ही मला सांगितलं होतं. आणि मी दर वर्षी विचारत होते. हा आजार रक्तातून येतो, घरच्यांना तपासायला हवं, हे मी तुम्हाला पाच वेळा सांगितलं.”

“व्हय.”

“ऐकू येत नव्हतं म्हणून उत्तर दिलं नाहीत?”

इथे त्याला हो म्हणता आलं असतं. बहिऱ्या माणसाला ही एक सवलत असते. पण सहा डोक्यांच्या उजेडात बसून त्याला ती घेववेना.

“ऐकू येत व्हतं,” तो म्हणाला.

मॅडमनी पेन्सिलीचं टोक सहाव्या फोटोवर ठेवलं. एक पांढरा ठिपका, पलीकडे दुसरा. ज्वारीच्या दाण्याएवढे. “मला फसवलंत त्याचं मी सोडून देते. तुमचा फोटो आज परत काढू. पण या गाठी तुमच्या आटलेल्या नाहीत, खंडूभाऊ. या त्याच्या आहेत. त्याला ठाऊक तरी आहे का?”

खंडूला आधी ते समजलंच नाही. त्याच्या हिशेबात विनोदचं डोकं चांगलं होतं, म्हणून तर ते पाठवलं होतं. त्याने त्या ठिपक्यांकडे पाहिलं, मग खाली लिहिलेल्या आपल्या नावाकडे पाहिलं. मग त्याच्या कानशिलात गरम व्हायला लागलं आणि ते खाली मानेपर्यंत उतरलं. अशी लाज त्याला लहानपणी बापाच्या मागून चालतानाही वाटली नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली याच खोलीत मॅडम म्हणाल्या होत्या, पाण्यात उतरू नका, या गाठींनी तोल जातो, बुडी मारली तर वर कुठं आणि खाली कुठं ते तुम्हाला कळणार नाही. त्या क्षणी त्याला आबा कळला होता. विहीर, झोकांड्या, न दिलेली ओ, सगळं. त्या महिन्यात त्याच्या पोरीचं, सीमाचं, कवठे येमाईचं स्थळ जमत आलं होतं. मॅडमनी घरात कोण कोण आहे असं विचारलं आणि त्याच्या तोंडून निघालं, मी एकटाच. लग्न झालं की सांगू, असं तेव्हा त्याने ठरवलं होतं. मग लग्न झालं. मग नातू झाला. सांगायचं राहिलं, आणि जितकं राहिलं तितकं ते अवघड झालं.

मॅडमनी नवा कोरा कागद घेतला. “नावं सांगा.”

त्याने सांगितली. हरिबा, वर. विनोद, शेजारी. विनोदची तेजश्री, नववीत आहे. सीमा. सीमाचा मुलगा. मॅडम चौकोन आणि गोल काढत गेल्या आणि तो एकटा काळा चौकोन बघता बघता माणसांनी वेढला गेला. हरिबाचा चौकोन त्यांनी पेन्सिलीने भरला. विनोदचाही अर्धा भरला आणि थांबल्या. “त्याला घेऊन या. गाठी लहान आहेत, हातात वेळ आहे. पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर आणखी होता.”

दुपारी खंडू मशीनमध्ये झोपला. त्याची उजवी गाठ वाढली होती. मॅडमनी ते सांगितलं तेव्हा आपल्याला काहीच कसं वाटत नाही याचंच त्याला नवल वाटलं.

संध्याकाळी तो पुणे स्टेशनवरून दौंडच्या गाडीत बसला.

विनोद ड्यूटीवरून नुकताच आला होता. रेल्वे क्वार्टरच्या मागे लिंबाखाली रुळांखालचा एक मोडका लाकडी स्लीपर टाकलेला होता, त्यावर दोघं बसले. समोर यार्ड होतं. तेजश्री चहा देऊन गेली. जाताना तिने काकाकडे बघून काहीतरी म्हटलं, आणि खंडूने मान हलवली. विनोद येऊन बसला तो नेमका डाव्या अंगाला. खंडूच्या ते लक्षात आलं, पण ‘इकडं बस’ म्हणायची वेळ ती नव्हती.

“इन्या, त्या फोटूत काय निघालं ते सांगाय आलोय,” खंडू म्हणाला. आणि त्याने समोरच्या रुळांकडे बघत सांगितलं. दोन ठिपके कसे आहेत, कुठे आहेत, ते काय असतात. दवाखान्यात यावं लागेल, घाबरायचं नाही, अजून बारीक आहेत. रेल्वेच्या मेडिकलमध्ये कळलं तर यार्डातलं काम सुटेल, हेही त्यानेच सांगितलं. मग म्हणाला, “आन् आबा दारू पीत न्हवता. त्याला ह्योच आजार व्हता. म्हणून तो हेलपाटायचा. म्हणून बुडाला.”

त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. विनोदच्या हातातला कप तसाच होता. त्याने तो खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग तो खंडूच्या पुढे वाकून मोठ्याने म्हणाला, “ती शिट्टी मशीनीची न्हवती, दादा. दोन सालं झाली. पोटासाठी गप बसलो.”

“व्हय,” खंडू म्हणाला. आपण दोघं एकाच बापाचे, हे त्याला आज पहिल्यांदा इतकं पटलं.

जे राहिलं होतं ते एवढंच, की हे मला पाच वर्षं ठाऊक होतं. तुझ्या कानात शिट्टी वाजायच्या आधीपासून. तू आबाचं नाव टाळत होतास आणि मी तुला टाळू देत होतो. हे वाक्य त्याने गाडीत चिंचेसारख्या आंबट चवीने तोंडात घोळवलं होतं. आता ते तोंडातच होतं. आज एवढं पुरे, असं त्याच्या मनाने घेतलं. फोटोमुळे कळलं, त्यात आपणच त्याला पाठवला, म्हणजे एका परीने आपल्यामुळेच कळलं. बाकीचं मागाहून सांगता येईल.

यार्डातून मालगाडी निघाली. जमीन हादरायला लागली, ते खंडूला तळपायांत कळलं. डबे जात होते आणि विनोद त्यांच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. मान समोर होती, नजर रुळांवर होती, आणि जे काही म्हटलं ते डाव्या अंगाला म्हटलं.

खंडूने मान हलवली.

विनोदने झटकन वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याने खंडू चरकला. आपण कशाला तरी होकार दिला होता आणि कशाला ते आपल्याला माहीत नव्हतं. पाच वर्षांत हजारदा असं झालं होतं आणि हजारदा त्याने ते तसंच जाऊ दिलं होतं. सोपानरावांची मोटर अशीच जळाली होती.

“काय म्हणलास?” तो म्हणाला. “मला ऐकू आलं न्हाई. त्या कानानं मला काय बी ऐकू येत न्हाई, इन्या. उगंच मान हलवतो मी.”

विनोद उठला. मालगाडीचा शेवटचा डबा निघून गेला होता. तो खंडूच्या समोरून फिरून उजव्या अंगाला आला, स्लीपरवर खेटून बसला, आणि तोंड त्याच्या कानाजवळ आणलं.

“मी म्हणलं, तुला हे आदीपासनं ठाव व्हतं का?”

खंडूने पुन्हा मान हलवली. या खेपेला ऐकून.

विनोद उठला नाही. दिवे लागेपर्यंत तो त्याच अंगाला बसून राहिला.